गोटीची सूज पुन्हापुन्हा उलटते, तेव्हा नेमकं काय राहून गेलेलं असतं?

दुधनाकाठ
विषय अवघड जागेचा आहे, म्हणून आडून बोलत नाही. आपल्याकडे सर्रास दिसणारा क्रम असा: गोटी (वृषण) सुजली, मेडिकलवरून पाच दिवसांच्या गोळ्या आणल्या, दुखणं थांबलं. काही महिन्यांनी पुन्हा सूज, या वेळी जरा 'हेवी' गोळी. तिसऱ्यांदा इंजेक्शन. आणि शेवटी निष्कर्ष काय, तर 'जंतू चिवट आहे'.

माझं म्हणणं वेगळं आहे. जंतू चिवट असतोही, पण दर वेळी तिथेच सूज येते तेव्हा बहुधा मूळ कारण कुणी शोधलेलंच नसतं. गोटीच्या मागच्या अंगाला बारीक नळीची गुंडाळी असते, एपिडिडायमिस. सूज बहुतेक वेळा तिथे सुरू होते आणि मग गोटीत उतरते. त्या नळीत जंतू पोचतो तो लघवीच्या वाटेने उलटा चढून, नाहीतर रक्तातून. वाट तशीच उघडी ठेवली तर गोळी बदलून काय होणार?

लॅबच्या बाजूने एकच गोष्ट सांगतो: पहिली गोळी पोटात जायच्या आधी लघवीचं कल्चर, म्हणजे लघवीतला जंतू लॅबमध्ये उगवून ओळखणं. गोळ्या सुरू झाल्यावर आलेल्या नमुन्यात बऱ्याचदा काहीच उगवत नाही, आणि मग पुढचा सगळा कारभार अंदाजपंचे.

तालुक्याच्या गावात राहणाऱ्या माणसाने कुठल्या क्रमाने काय करावं, हे जाणकारांनी लिहावं.

खवट
अवघड जागेचं दुखणं आणि जावई डॉक्टर. धाग्याला शुभेच्छा. 😄

बिंदुसरा
क्रमाचं नंतर. त्याआधी एक गोष्ट, जिथे कल्चर-बिल्चरला वेळच नसतो.

दुखणं अचानक, काही मिनिटांत कळसाला पोचलं, सोबत मळमळ किंवा उलटी, गोटी वर ओढल्यासारखी किंवा आडवी वाटते, आणि माणूस तरुण आहे, त्यातही साधारण १२ ते १८ वयाचा: ही सूज नाही असं धरून चाला. गोटीला पीळ पडलेला असू शकतो. पीळ पडला की रक्तपुरवठा तुटतो. ६ तासांच्या आत सोडवला तर गोटी बहुतेक वाचते, त्यानंतर शक्यता झपाट्याने घसरते. मांडीच्या आतल्या बाजूला बोट ओढल्यावर गोटी वर उचलली जाते का हे डॉक्टर बघतात. पिळात ती सहसा हलत नाही. गोटी हाताने उचलून धरल्यावर आराम पडला म्हणजे पीळ नाही, असं जुन्या पद्धतीने सांगतात, त्यावर विसंबू नका.

इन्फेक्शनची सूज एक-दोन दिवसांत चढते. लघवीला जळजळ, ताप, मागच्या बाजूने सुरू झालेलं दुखणं. पण शंका असेल तर शंकेचा फायदा पिळाला द्यायचा. उपाशीपोटी, १०८ बोलावून किंवा मिळेल त्या गाडीने, जिथे सर्जन आणि भूल देणारे दोघं आहेत तिथे. रात्री सोनोग्राफीवाला नाही म्हणून सकाळपर्यंत थांबणं हा यातला सगळ्यात महागडा निर्णय.

आता धाग्याच्या विषयाशी याचा संबंध: पीळ कधी आपोआप सुटतो. पोराला तासभर भयंकर दुखतं, मग एकदम गायब. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तेच. मधल्या काळात डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) केली तर रक्तपुरवठा व्यवस्थित, कधी वाढलेलासुद्धा दिसतो, आणि रिपोर्टवर येतं 'सूज असावी'. अशा पोराला अँटिबायोटिकचे कोर्स देत बसू नये. दोन्ही बाजूंच्या गोट्या टाके घालून जागेवर बसवायचं छोटं ऑपरेशन लागतं. दोन्ही, कारण रचनेतला दोष सहसा दोन्हीकडे असतो.

लिंबोणी
+१ बिंदुसरा. यात एक भर. पोरं लाजेने 'पोटात दुखतंय' एवढंच सांगतात. आईला तर नाहीच सांगत. पोटात दुखून उलटी झालेल्या मुलाची तपासणी चड्डी उतरवून झालीच पाहिजे, वॉर्डात असो की घरी.

औषधपेटी
मेडिकलवाल्यांवर घसरणं सोपं आहे हो. माणूस बाजाराच्या दिवशी येतो, सोबत बायको, खिशात मोजके पैसे, काउंटरवर चार माणसं उभी. तो काही 'गोटी सुजली' असं म्हणत नाही. 'लघवीला आग होते, गोळी द्या' म्हणतो. नियमाने सेफिक्झिम, लेव्होफ्लोक्सासिन ही शेड्यूल एच-१ मधली औषधं आहेत. चिठ्ठी लागते, रजिस्टरला नोंद लागते, ती वही ३ वर्षं जपायची असते. सगळीकडे होतं का? उत्तर तुम्हालाही माहीत आहे.

पण काय दिलं जातं ते नीट बघा, कारण अर्धी उलटणारी दुखणी इथे आहेत.

नायट्रोफ्युरँटॉइन: मूत्राशयातल्या इन्फेक्शनसाठी उत्तम, पण ती लघवीत साठते. गोटीच्या किंवा प्रोस्टेटच्या (मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या) मांसात पुरेशी उतरतच नाही. आग थांबते, सूज राहते.

ऑफ्लोक्सासिन-ऑर्निडाझोलचं जुलाबाचं कॉम्बिनेशन, पाच दिवस: दिवस कमी. ऑफ्लोक्सासिन द्यायचंच तर या दुखण्यात १४ दिवस देतात, आणि आपल्याकडच्या ई. कोलाय या आतड्यातल्या जंतूवर ते चालेल याची खात्री नाही, रेझिस्टन्स (औषधाला दाद न देणं) फार आहे.

आणि वेदनाशामक एकटंच: सूज दबते, माणूस कामाला जातो.

बिंदुसरा
@औषधपेटी, मान्य. मग बरोबर काय तेही येऊ द्या.

पहिला प्रश्न वयाचा नाही, जंतू कुठून आला याचा. वय हा फक्त अंदाज. लैंगिक संबंधातून आला असण्याची शक्यता असेल (साधारण ३५ च्या आतले, नवा जोडीदार, लघवीच्या जागेतून स्राव) तर क्लॅमिडिया आणि गोनोरिया. त्यावर सेफ्ट्रियाक्सोन ५०० मि.ग्रॅ. स्नायूत एकदा आणि डॉक्सिसायक्लिन १०० मि.ग्रॅ. दिवसातून दोनदा, १० दिवस. लघवीच्या अडथळ्यातून आला असेल (प्रोस्टेट, लघवीची नळी म्हणजे कॅथेटर, नुकतीच झालेली दुर्बिणीची तपासणी) तर ई. कोलायसारखे आतड्यातले जंतू. तिथे लेव्होफ्लोक्सासिन ५०० मि.ग्रॅ. दिवसातून एकदा, १० दिवस, असं पुस्तकात आहे. आपल्याकडे ते कल्चर पाठवून सुरू करायचं आणि रिपोर्ट आल्यावर गरज पडली तर बदलायचं. हे डोस समजण्यासाठी आहेत, दुकानात दाखवण्यासाठी नाहीत.

७२ तासांत दुखणं आणि ताप उतरणीला लागायला हवा. नाही लागला तर गोळी बदलण्याआधी पुन्हा तपासायचं: आत पू झालाय का, निदान चुकलंय का. सूज मात्र हळू जाते, सहा आठवडे लागले तरी घाबरायचं कारण नाही. बरेचजण दहाव्या दिवशी कडक गाठ लागते म्हणून नवा कोर्स सुरू करतात. ती गाठ बहुतेकदा बरी होत असलेली सूज असते. पण सहा आठवड्यांनंतरही ती गाठ तशीच असेल तर सोनोग्राफी पुन्हा. गोटीचा कॅन्सर तरुणांत होतो आणि कधीकधी 'न उतरलेली सूज' म्हणूनच सापडतो. तशी शंका असेल तर अंडकोशातून सुई घालून तपासणी करू देऊ नका, आधी रक्तातले कॅन्सरचे मार्कर आणि युरॉलॉजिस्ट.

लिंबोणी
जोडीदाराचं कुणीच लिहिलं नाही अजून! गेल्या ६० दिवसांतल्या जोडीदाराची तपासणी आणि उपचार झाले नाहीत, तर नवऱ्याचा कोर्स पूर्ण होतो आणि महिन्याभरात पुन्हा तेच. बाईला क्लॅमिडियात बऱ्याचदा काहीही त्रास नसतो. 'तिला तर काहीच नाही' हे वाक्य म्हणून निरुपयोगी. दोघांचा उपचार एकाच वेळी, आणि दोघांचा पूर्ण होऊन त्रास थांबेपर्यंत संबंध बंद.

ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांत हे हमखास तुटतं. दिवाळीनंतर टोळी निघते, तो इकडे गोळ्या घेऊन गेलेला, ती फडात. चिठ्ठी दोघांच्या नावाने, गोळ्या दोघांच्या, निघायच्या आधी हातात, एवढं साधलं तरी खूप. जिल्हा रुग्णालयांत आणि मेडिकल कॉलेजांत 'सुरक्षा क्लिनिक' असतं, तिथे हे मोफत होतं आणि बाहेर पाटीवर गुप्तरोग वगैरे लिहिलेलं नसतं.

मोसंबी
प्रश्न: थंड शेक की गरम? आमच्याकडे एरंडाचं पान तव्यावर गरम करून बांधायला सांगतात. काही जण तंबाखूचं पान. आणि लंगोट बांधावा की मोकळं ठेवावं?

खवट
तंबाखू तिकडे पण? ही जागा तरी सोडा रे.

लिंबोणी
@मोसंबी, पहिले दोन-तीन दिवस थंड. बर्फ फडक्यात गुंडाळून १० ते १५ मिनिटं, दिवसातून चार-पाच वेळा, कातडीला थेट कधीच नाही. एरंडाच्या पानाने सूज उतरो न उतरो, तव्यावरचं पान तिथल्या पातळ कातडीला भाजतं. तंबाखूचं पान तर नकोच. त्या कातडीतून निकोटीन शोषलं जातं, चक्कर-मळमळ सुरू होते, आणि मग कळत नाही की मळमळ पानाची की दुखण्याची.

आधार मात्र हवा. पडल्यावर टॉवेलची गुंडाळी मांड्यांच्या मध्ये अंडकोशाखाली, म्हणजे तो वर उचलून राहतो. उठल्यावर घट्ट चड्डी किंवा सपोर्टर. लंगोट चालतो, पण तालमीसारखा करकचून नाही. उद्देश उचलून धरण्याचा आहे, आवळण्याचा नाही. ट्रॅक्टर, बुलेट, पोती उचलणं: दुखणं पूर्ण थांबेपर्यंत बंद.

आयबुप्रोफेन ४०० जेवणानंतर दिवसातून तीनदा चालतं, पण किडनीचा त्रास, अल्सर, रक्त पातळ करायच्या गोळ्या असतील तर नाही. आणि मे महिन्यात रानात घाम गाळून, पाणी न पिता तर मुळीच नाही.

औषधपेटी
याला जोडून: डॉक्सिसायक्लिन भरपूर पाण्यासोबत, घेतल्यावर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेत चिकटून जखम करते. ती घेताना उन्हात कातडी लवकर भाजते, आपल्या उन्हात तर बघायलाच नको. लेव्होफ्लोक्सासिन ॲसिडिटीचं औषध, लोहाची गोळी यांच्यासोबत घेतलं तर पोटातच बांधलं जातं, किमान दोन तासांचं अंतर. टाचेच्या वरची शीर दुखायला लागली तर गोळी बंद करून डॉक्टरला फोन. शुगरच्या गोळ्या चालू असतील तर साखर एकदम खाली जाऊ शकते.

पशुधन
मंडळी, तुम्ही सगळे लघवीच्या वाटेने चाललात. रक्ताच्या वाटेचं एक दुखणं आपल्या भागात हमखास विसरलं जातं: ब्रुसेलोसिस.

शेळ्या, म्हशी, गाई पाळणारा माणूस. चढउतार होणारा ताप, रात्री घाम, कंबर आणि सांधे दुखणं, आणि एक गोटी सुजलेली. लघवीचा रिपोर्ट बहुधा स्वच्छ. नेहमीच्या कोर्सने जरा बरं वाटतं, मग पुन्हा. डॉक्टरला जनावरांचं कुणी सांगत नाही, कारण विचारलेलंच नसतं.

येतो कुठून? गाभडलेल्या जनावराचा जार आणि मेलेलं पिल्लू उघड्या हाताने उचलण्यातून, आणि कच्च्या दुधातून. गायीत पाचव्या महिन्यानंतरचा गर्भपात, शेळीत शेवटच्या टप्प्यातला, की आधी हाच संशय. हातमोजे घाला, जार खोल पुरा, वर चुना टाका, कुत्र्यांपुढे टाकू नका. दूध एक उकळी आणून प्या. धारोष्ण दुधाचं कौतुक पुरे.

रंजक भाग असा की नर जनावरांचेही वृषण याच जंतूने सुजतात. वासरांना दिली जाणारी एस-१९ ही जिवंत लस फक्त ४ ते ८ महिन्यांच्या मादी वासरांना देतात. नराला दिली तर लसच वृषण सुजवू शकते. आणि लस टोचताना सुई आपल्याच हातात घुसली तर ती माणसालाही बाधते, लगेच दवाखाना गाठायचा.

तपासणी: रक्ताची रोझ बेंगॉल किंवा ॲग्लुटिनेशन टेस्ट. रक्ताचं कल्चर करणार असाल तर लॅबला आधीच 'ब्रुसेला संशय' कळवा. जंतू हळू उगवतो, बाटली जास्त दिवस ठेवावी लागते, आणि तंत्रज्ञाला लागण व्हायचा धोका असतो.

दुधनाकाठ
शेवटचं वाक्य लॅबवाल्यांच्या वतीने ठळक करावंसं वाटतं. धन्यवाद.

बिंदुसरा
@पशुधन, उत्तम. उपचार डॉक्सिसायक्लिन पूर्ण ६ आठवडे, सोबत दुसरं औषध: रिफॅम्पिसिन ६ आठवडे किंवा स्ट्रेप्टोमायसिन इंजेक्शन २ ते ३ आठवडे. एकट्या औषधाने किंवा कमी दिवसांत उलटणार हे ठरलेलं. पण रिफॅम्पिसिन सुरू करायच्या आधी टीबी नाही हे बघायचं, नाहीतर टीबी अर्धवट दबतो.

तेरणा
टीबीवर येणारच होतो. गोटीचा टीबी चुकण्याचं कारण लेव्होफ्लोक्सासिन! ते टीबीच्या जंतूवरही थोडंफार चालतं. कोर्स केला, बरं वाटलं, सोडला, परत. निदान काही महिने पुढे जातं.

संशय कधी घ्यायचा: मागच्या बाजूची गाठ कडक, खडबडीत, फारशी दुखत नाही. वीर्यवाहिनीला हात लावला तर मणी ओवल्यासारखी लागते. अंडकोशाच्या मागच्या बाजूला भोक पडून पाझर, जो मलमाने मिटत नाही. लघवीत पू-पेशी भरपूर पण कल्चर 'निरंक'. हा शेवटचा रिपोर्ट दोनदा आला की टीबीची तपासणी झालीच पाहिजे. सकाळची पहिली लघवी, सलग तीन दिवस, सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या टीबीच्या जनुकीय तपासणीसाठी. लघवीत सापडला नाही म्हणून टीबी नाही असं होत नाही. किडन्यांची सोनोग्राफी सोबत करा, कारण उगम बऱ्याचदा तिथे असतो. निदान झालं की औषधं सरकारी, सहा महिने, आणि नि-क्षय या सरकारी टीबी-नोंदणीत नाव असेल तर पोषणासाठी महिना १००० रुपये खात्यात.

गोदाघाट
नांदेडकडून: हत्तीरोग विसरू नका. गोटीला धरणारा नसा-नळ्यांचा दोरा सुजणं, तापाचे झटके, अंडकोशात पाणी भरणं. आमचा जिल्हा हत्तीरोगाच्या यादीतला आहे. रक्ताचा नमुना रात्री घेतात, कारण जंत रात्री रक्तात येतात. सामुदायिक औषधवाटपाच्या गोळ्या समोरच गिळायच्या असतात, खिशात ठेवायच्या नसतात.

मोसंबी
गालफुगीने पण होतं ना? पोराला सुई दिली म्हणजे झालं का?

लिंबोणी
वयात आलेल्या पुरुषाला गालफुगी झाली तर होऊ शकतं, गाल सुजल्यावर साधारण ४ ते ८ दिवसांनी. अँटिबायोटिकचा उपयोग नाही, आराम आणि आधार. पण ते वारंवार होणारं दुखणं नव्हे. सुईचं म्हणाल तर सरकारी लसीकरणातली एमआर ही गोवर-रुबेलाची आहे, गालफुगी त्यात नाही. एमएमआर खासगीत मिळते.

खवट
आता खरं सांगा. तालुक्याचा माणूस एवढं सगळं करणार का? एका बैठकीत होईल असं बोला. नाहीतर धागा शंभरी गाठेल आणि मूळ प्रश्न लटकत राहील (हो, मुद्दामच).

बिंदुसरा
रास्त आहे. पहिल्या झटक्याला: लघवीचे दोन नमुने. किमान तासभर लघवी न करता, न धुता, पहिली धार १०-२० मि.ली. एका डबीत, ती क्लॅमिडिया-गोनोरियाच्या पीसीआरसाठी. मग जागा धुऊन मधली धार दुसऱ्या निर्जंतुक डबीत, ती कल्चरसाठी. पीसीआर तालुक्याला होत नाही, पण कल्चर जिल्ह्याला पाठवता येतं. सोबत साखर, एचआयव्ही आणि अंडकोशाची डॉपलर. मग गोळी.

दुसऱ्या झटक्याला: अडथळा शोधायचा. लघवीआधी आणि लघवीनंतर मूत्राशयाची सोनोग्राफी. इथे सेंटरवाले दोन लिटर पाणी पाजून तासभर ताटकळवतात, मूत्राशय ताणलं जातं आणि उरलेली लघवी उगाच जास्त दिसते. साधारण लागली की जाऊन या आणि लगेच मोजा. यूरोफ्लो (लघवीच्या धारेचा वेग मोजणं) करायची तर निदान १५० मि.ली. लघवी हवी, नाहीतर आलेख निरर्थक. धार बारीक आणि वय कमी असेल तर मूत्रमार्ग आकसलाय का, यासाठी मूत्रमार्गात एक्सरेत दिसणारं औषध भरून एक्सरे. पन्नाशीपुढे प्रोस्टेट. पीएसए ही प्रोस्टेटची रक्ततपासणी मात्र सूज चालू असताना करू नका, खोटा वाढलेला येतो. सहा आठवडे जाऊ द्या.

दर वेळी कल्चरमध्ये तोच जंतू येत असेल तर तो प्रोस्टेटमध्ये दडलेला असू शकतो. तिथे कोर्स १० दिवसांचा नाही, ४ आठवड्यांचा असतो. लहान मुलात पुन्हापुन्हा होत असेल तर जन्मजात रचनेचा दोष शोधायला बालशल्यचिकित्सक. यासाठी छत्रपती संभाजीनगरचं घाटी, अंबाजोगाई, लातूर किंवा नांदेडचं सरकारी मेडिकल कॉलेज.

औषधपेटी
दोन औषधं स्वतःच विचारून घ्या. हृदयाच्या ठोक्यांसाठी ॲमिओडॅरोन चालू असेल तर त्यानेही एपिडिडायमिस सुजते, जंतू नसतो, डोस कमी केला की उतरते. आणि शुगरसाठी डापाग्लिफ्लोझिनच्या जातीतली गोळी: ती लघवीत साखर सोडते, त्या भागातली इन्फेक्शनं वाढतात. साखर वाढलेल्या माणसाची अंडकोशाची कातडी काळी-जांभळी पडायला लागली, वास यायला लागला, दाबल्यावर करकर लागली तर ते गँगरीन. तासांचा खेळ, थेट मोठं रुग्णालय.

तेरणा
आणि सगळं स्वच्छ असूनही दुखत राहिलं तर? कल्चर निरंक, पीसीआर निरंक, टीबी नाही, डॉपलर ठीक, तीन महिने झाले तरी बोथट ठणका. त्यावर पाचवा अँटिबायोटिक कोर्स म्हणजे निव्वळ खर्च. मुतखडा बघा: मूत्रनलिकेतल्या खड्याची कळ थेट गोटीत उतरते, आणि आपल्या उन्हात खड्यांना तोटा नाही. हर्निया बघा. काहीच नसेल तर शिरांच्या दुखण्याची औषधं (अमिट्रिप्टिलिन १० मि.ग्रॅ. रात्री, इथून सुरुवात करतात), तरी नाही तर गोटीच्या दोऱ्यात भूल देऊन बघणं, आणि अगदी शेवटी ऑपरेशन. गोटी काढून टाकली म्हणजे दुखणं जाईलच असं नाही, हे आधी ऐकून घ्या.

गोदाघाट
मूल होण्याबद्दल?

बिंदुसरा
एका बाजूची सूज झाली तर बहुतेकांना अडचण येत नाही. दोन्ही बाजूंना झाली, किंवा टीबी असला, तर नळ्या बुजू शकतात. वीर्यतपासणी सूज उतरल्यावर लगेच नको, निदान तीन महिन्यांनी. शुक्रजंतू तयार व्हायलाच अडीच महिने जातात, त्याआधीचा रिपोर्ट आजारपणातला असतो.

मोसंबी
शेवटचं. कल्चरचा नमुना अहमदपूरहून लातूरला एसटीने न्यायचा तर टिकतो का?

दुधनाकाठ
उघड्या डबीत, मे महिन्यात: नाही. दोन तासांच्या वर गेलं की जंतू डबीतच वाढतात आणि रिपोर्ट खोटा पॉझिटिव्ह येतो. थर्मासमध्ये बर्फ घालून, डबी पिशवीत गुंडाळून नेली तर त्याच दिवशी चालतं, गोठू मात्र देऊ नका. त्याहून बरी बोरिक ॲसिडची नळी, लॅबकडून आधी मागून आणा. तिच्यात साध्या तापमानाला २४ तास टिकतं. फक्त नळीवरच्या रेषेपर्यंत भरा. कमी भरली तर ॲसिडचं प्रमाण जास्त होऊन जंतूच मरतात. आणि चिठ्ठीवर आधी घेतलेल्या गोळीचं नाव लिहा. आठवत नसेल तर रिकामं पाकीट पिशवीत टाका, आम्ही वाचून घेतो.